शिक्षणशास्त्र विभागातील प्राध्यापकांची निवड: शालेय अनुभव की संशोधन, हा वाद मुलाखतीच्या आधीच मिटवायला हवा

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यापीठाच्या शिक्षणशास्त्र विभागात तीन पदे भरायची आहेत. मागील फेरीत अर्ज भरपूर आले, परंतु निवड समितीत दोन तट पडले. एका गटाला शाळेत दीर्घकाळ शिकवलेली व्यक्ती हवी होती, तर दुसऱ्याला शोधनिबंधांची भक्कम यादी असलेली. तडजोड म्हणून निवडलेल्या दोघांपैकी एक जण लवकरच सोडून गेला आणि तिसरे पद रिक्तच राहिले. या वेळी शालेय अनुभवाला अधिक महत्त्व द्यावे की संशोधनाला, आणि मुलाखत कशी घ्यावी, असे आपण विचारले आहे.

विभागप्रमुख म्हणून आणि पुढे बाहेरचा तज्ज्ञ म्हणून अनेक निवड समित्यांवर काम केल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, हा वाद मुलाखतीच्या दालनात सुटतच नाही, कारण तिथे तो उमेदवारांच्या नावांना चिकटलेला असतो. तो जाहिरात लिहिण्यापूर्वी, नावे समोर नसताना मिटवावा लागतो. ‘शालेय अनुभव महत्त्वाचा का?’ या प्रश्नाला संपूर्ण विभागासाठी एकच उत्तर नसते. प्रत्येक पदासाठी मात्र असते. जर्मनीच्या उच्चशिक्षणविषयक चौकट कायद्यातील एक तरतूद या बाबतीत मला फार शहाणपणाची वाटते. ज्या प्राध्यापकपदाच्या कार्यवर्णनात शिक्षक-प्रशिक्षणातील शिक्षणशास्त्रीय किंवा विषयाध्यापनाचे काम नमूद केलेले असेल, त्या पदावर तीन वर्षांचा शालेय अनुभव असलेल्या व्यक्तीलाच नेमावे, असा तिचा आशय आहे. यातील अट ‘शिक्षणशास्त्राच्या प्राध्यापकाला’ घातलेली नसून त्या पदाच्या कामाला घातलेली आहे, ही गोष्ट लक्षात घ्यावी. शिक्षणाचा इतिहास किंवा शिक्षणाचे अर्थशास्त्र शिकवणाऱ्याला ती लागू होत नाही. गणिताच्या अध्यापनपद्धतीचा तास घेऊन दुपारी शाळेत पाठनिरीक्षणाला, म्हणजे शिकाऊ शिक्षकांचे पाठ पाहायला, जाणाऱ्याला ती लागू होते.

इतर विद्याशाखांत ही अडचण इतक्या तीव्रतेने का जाणवत नाही, हे समजून घेतले तर समितीतील तट कसे पडतात तेही समजते. विद्यापीठात शिक्षणशास्त्राचे आसन मांडले गेले तेव्हापासूनच ते दोन दगडांवर पाय ठेवून उभे आहे. जर्मनीत हाले विद्यापीठाने १७७९ मध्ये या विषयाचे पहिले प्राध्यापकपद निर्माण केले आणि त्यावर अर्न्स्ट क्रिस्टियान ट्राप यांना नेमले. ते मुळात शाळेत शिकवणारे गृहस्थ होते, आणि चार वर्षांतच, १७८३ मध्ये, विद्यापीठ सोडून पुन्हा शाळेच्या कामाकडे वळले. (आपल्याकडून गेलेल्या सहकाऱ्याबद्दल फार वाईट वाटून घेऊ नये, परंपरा जुनी आहे.) स्कॉटलंडमध्ये १८७६ साली एडिंबरा आणि सेंट अँड्र्यूज येथे या विषयाची दोन पदे निघाली. एडिंबरात आलेले सायमन लॉरी चर्चच्या शिक्षण समितीचे सचिव म्हणून शाळांचा कारभार जवळून पाहिलेले होते. सेंट अँड्र्यूजला आलेले मीकलजॉन एकीकडे कांटच्या तत्त्वज्ञानाचे भाषांतरकार होते आणि दुसरीकडे शालेय पाठ्यपुस्तकांचे लेखक. जॉन ड्यूई १८९४ मध्ये शिकागो विद्यापीठात तत्त्वज्ञान विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले, त्यात मानसशास्त्र आणि अध्यापनशास्त्रही अंतर्भूत होते, आणि दोन वर्षांनी त्यांनी प्रायोगिक शाळा सुरू केली. म्हणजे या क्षेत्रात येणारी माणसे पहिल्यापासूनच वेगवेगळ्या वाटांनी आलेली आहेत.

आजही चित्र तेच आहे, फक्त वाटा वाढल्या आहेत. अमेरिकेतील शैक्षणिक संशोधकांच्या प्रमुख संघटनेचे १२ विभाग आहेत. प्रशासन, अभ्यासक्रम, अध्ययन व अध्यापन, मापन व संशोधनपद्धती, इतिहास, धोरण असे त्यांचे विषय आहेत. या बारांपैकी एका विभागात हयात घालवलेल्या अभ्यासकाला दुसऱ्या विभागातील शोधनिबंध चांगला की सुमार, हे ठामपणे सांगता येईलच असे नाही. निवड समितीवर मात्र यांच्यापैकीच चार-पाच जण एकत्र बसतात, आणि प्रत्येकाला मनातून असे वाटत असते की आपण करतो तेच खरे शिक्षणशास्त्र. मानसशास्त्राकडून आलेल्या सदस्याला नमुन्याचा आकार लहान दिसतो, समाजशास्त्राकडून आलेल्याला सैद्धान्तिक बैठक कच्ची दिसते आणि शाळेकडून आलेल्याला उमेदवाराने खडू हातात धरलेला नाही हे दिसते. तिघेही आपापल्या जागी बरोबर असतात. परंतु पद कशासाठी आहे हे आधी ठरलेले नसेल, तर समितीत ज्याचा आवाज मोठा त्याचे क्षेत्र निवडले जाते.

म्हणून पहिले काम कार्यभाराचे. जाहिरातीचा मसुदा हातात घेण्यापूर्वी पुढील तीन वर्षांचे वेळापत्रक मांडावे आणि कोणत्या कामाला आज धनी नाही ते पाहावे. कोणते विषय तासिका तत्त्वावरील शिक्षकांच्या भरवशावर चालले आहेत, किती छात्राध्यापकांचे (शिक्षक होण्यासाठी शिकणाऱ्यांचे) पाठनिरीक्षण उरकले जाते आणि किती खरोखर होते, पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांना संख्यात्मक पद्धतीसाठी बाहेर कोणाकडे पाठवावे लागते, निवृत्त होणाऱ्या प्राध्यापकांसोबत कोणता विषय विभागातून जाणार आहे, ही माहिती विभागातच असते, पण ती सहसा एका कागदावर आलेली नसते. ती आली की तीन पदे ही तीन वेगळी कामे आहेत हे आपोआप दिसू लागते. उदाहरणार्थ, आपल्याकडे एक पद गणित व विज्ञान अध्यापनपद्धती आणि शाळेतील आंतरवासिता यांसाठी, दुसरे मूल्यमापन व संशोधनपद्धतीसाठी आणि तिसरे समावेशक शिक्षणासाठी, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलांना सर्वांसोबत शिकवण्याच्या विषयासाठी, असू शकते. पहिल्या पदासाठी शालेय अनुभव अपरिहार्य आहे, दुसऱ्यासाठी तो असल्यास उत्तम, आणि तिसऱ्यासाठी प्रत्यक्ष मुलांसोबत काम केलेले असणे आवश्यक आहे, मग ते शाळेत असो, विशेष शाळेत असो किंवा पुनर्वसन केंद्रात.

यातील अध्यापनपद्धतीच्या पदाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण सर्वाधिक चुकीच्या नेमणुका तिथेच होतात. पुष्कळ विभागांची समजूत अशी असते की गणितात पदव्युत्तर पदवी आणि शिक्षणशास्त्राची पदवी एकाच व्यक्तीकडे असली की गणिताच्या अध्यापनपद्धतीचा प्राध्यापक मिळाला. अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ली शुलमन यांनी १९८६ मध्ये जी मांडणी केली, तिचा गाभा हाच होता की विषयाचे ज्ञान आणि अध्यापनाचे सर्वसाधारण ज्ञान यांच्या बेरजेतून विषय शिकवण्याचे ज्ञान तयार होत नाही. ते स्वतंत्र ज्ञान आहे. अमुक संकल्पना मुलांना नेमकी कुठे अडते, कोणते उदाहरण ती अडचण सोडवते आणि कोणते उदाहरण ती वाढवते, हे त्या ज्ञानात येते. पदवीच्या प्रमाणपत्रावरून ते दिसत नाही. ते कसे पाहावे हे मुलाखतीच्या संदर्भात पुढे सांगतो.

जाहिरातीची भाषा कार्यभारातून यावी. ‘शिक्षणशास्त्रातील कोणत्याही क्षेत्रात विशेष प्रावीण्य असलेल्या, उत्कृष्ट संशोधन व अध्यापनकौशल्य असणाऱ्या गतिमान उमेदवारांकडून अर्ज मागवण्यात येत आहेत’ अशा छापाचे वाक्य सर्वांना आमंत्रण देते आणि कोणालाच काही सांगत नाही. त्याऐवजी असे लिहिता येते: ‘या पदावरील व्यक्तीने माध्यमिक स्तरावरील गणित अध्यापनपद्धतीचे दोन अभ्यासक्रम शिकवावेत, दर सत्रात छात्राध्यापकांच्या एका गटाचे शाळेत जाऊन मार्गदर्शन करावे, आणि गणिताच्या अध्ययन-अध्यापनाविषयी स्वतःचे संशोधन चालवावे अशी अपेक्षा आहे. शाळेत नियमित शिकवल्याचा किमान तीन वर्षांचा अनुभव आवश्यक आहे. शिक्षकांसाठी केलेले लेखन किंवा साहित्यनिर्मिती विचारात घेतली जाईल.’ असे लिहिल्यावर अर्ज कमी येतील. ते यावेतच. छाननीच्या टेबलावर जे पाचशे अर्ज येतात, त्यांतील बहुतेकांना आपण काय मागतो आहोत हे कळलेले नसते, आणि त्यात दोष त्यांचा नसतो.

एक मोह मात्र टाळावा. तीन पदांचा कार्यभार मांडल्यावर कोणीतरी सुचवतेच की प्रत्येक पदासाठी ‘शालेय अनुभव, आंतरराष्ट्रीय दर्जाचे संशोधन, निधी मिळवण्याची क्षमता, तंत्रज्ञानाची जाण आणि प्रशासकीय अनुभव’ असे सगळेच मागावे. अशी व्यक्ती असते, पण ती बहुधा दुसऱ्या विद्यापीठात विभागप्रमुख असते आणि सहायक प्राध्यापक म्हणून आपल्याकडे येणार नसते. आवश्यक अटी तीन, फार तर चार ठेवाव्यात आणि उरलेल्या गोष्टी ‘असल्यास प्राधान्य’ या सदरात टाकाव्यात. समितीत मतभेद झाला की आवश्यक अटींकडे परत जाता यावे, एवढ्यासाठी त्या मोजक्या हव्यात.

आता अर्जदार कोण असतात ते पाहू. भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी, डॉक्टरेट, मग पुढील संशोधन आणि नोकरी असा सरळ मार्ग असतो. शिक्षणशास्त्रात बरेच जण आधी शाळेत शिकवतात, मग नोकरी सांभाळून संध्याकाळी आणि सुट्टीत प्रबंध लिहितात. अमेरिकेत दरवर्षी डॉक्टरेट मिळवणाऱ्यांची जी पाहणी होते, तिच्यात शिक्षण क्षेत्रातील पदवीधरांचे वय इतर शाखांपेक्षा सातत्याने जास्त आढळते, ते यामुळेच. याचे तीन व्यावहारिक परिणाम होतात. पहिला असा की चाळिशीतील उमेदवाराच्या यादीत पाच शोधनिबंध असतील, तर त्यांची तुलना तिशीतल्या पूर्णवेळ संशोधकाच्या बारा निबंधांशी सरळसरळ करता येत नाही. डॉक्टरेटनंतरच्या वर्षांत काय झाले ते पाहावे. दुसरा परिणाम वेतनाचा. मुख्याध्यापक किंवा ज्येष्ठ शिक्षक विद्यापीठात कनिष्ठ पदावर आला, तर त्याचे उत्पन्न घटू शकते, आणि पूर्वीची सेवा वेतननिश्चितीत धरली जाणार की नाही हे त्याला अर्ज करतानाच समजले पाहिजे. निवड झाल्यावर हे कळले तर तो रुजूच होत नाही, आणि आपण पुन्हा रिक्त पदापाशी येतो. तिसरा परिणाम वेळेचा. शाळेतला चांगला शिक्षक वर्ग अर्ध्या वर्षात सोडून येत नाही. शालेय वर्ष सुरू झाल्यावर जाहिरात देऊन महिन्याभरात रुजू होण्याची अट घातली, तर ज्यांना वर्ग वाऱ्यावर सोडताना काही वाटत नाही असेच उमेदवार उरतात. रुजू होण्याची तारीख शालेय वर्षाच्या शेवटाशी जुळवून घेतली तर अर्जदारांचा दर्जाच बदलतो, असे मी पाहिले आहे.

छाननीत पदवीच्या नावावरून निष्कर्ष काढू नये. काही देशांत शिक्षणशास्त्रात पीएच.डी. आणि एड.डी. अशा दोन डॉक्टरेट पदव्या आहेत. पहिली संशोधनाची आणि दुसरी व्यवसायाची, असे ढोबळमानाने मानले जाते. परंतु हार्वर्डच्या शिक्षणविद्यालयात कित्येक दशके संशोधकही एड.डी. घेऊनच बाहेर पडत होते. तिथे २०१४ पासून तिची जागा पीएच.डी.ने घेतली. तेव्हा पदवी कोणती यापेक्षा प्रबंध कशावर आहे, माहिती कशी गोळा केली आणि निष्कर्षापर्यंत उमेदवार कसा पोहोचला, हे पाहणे योग्य.

प्रकाशनांच्या बाबतीत माझा आग्रह एकच आहे. प्रत्येक उमेदवाराला आपल्या लेखनातील सर्वांत महत्त्वाचे वाटणारे दोन लेख पाठवायला सांगावेत, आणि समितीतील किमान दोघांनी ते पूर्ण वाचावेत. डिसेंबर २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्को येथे झालेल्या बैठकीतून जो जाहीरनामा निघाला, त्याचे मुख्य म्हणणे हेच होते की नियतकालिकाचा प्रभावांक (त्यातील लेखांना सरासरी किती संदर्भ मिळतात तो आकडा) हा त्यातील एखाद्या लेखाच्या किंवा लेखकाच्या गुणवत्तेचा पुरावा धरू नये. २०१५ च्या लायडन जाहीरनाम्यानेही मोजमापांना तज्ज्ञांच्या परीक्षणाची जागा घेऊ देऊ नये आणि स्थानिक महत्त्वाच्या संशोधनाला संरक्षण द्यावे असे सांगितले. शिक्षणशास्त्राला ही दुसरी सूचना विशेष लागू पडते. मुलांच्या मातृभाषेतील वाचनातील अडचणींवर त्याच भाषेत, शिक्षकांना वाचता येईल असे लिहिणारा अभ्यासक, संदर्भांच्या मोजणीत मागे पडतो, कारण त्याचे वाचक संदर्भ देत नाहीत. ते दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन वेगळे शिकवतात. असे काम आवश्यक अटींत बसत असेल, तर ते मोजण्याची सोय आधीच करून ठेवावी.

काही ठिकाणी नियमांनीच हात बांधलेले असतात. भारतात विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीनुसार विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदाच्या छाननीसाठी १०० गुणांचा तक्ता आहे, त्यात पीएच.डी.ला ३०, प्रकाशनांना कमाल १० आणि अध्यापन किंवा डॉक्टरोत्तर अनुभवाला कमाल १० गुण आहेत, तर पदवी व पदव्युत्तर परीक्षांतील टक्केवारीला मिळून ४० पर्यंत. मात्र हा तक्ता मुलाखतीला कोणाला बोलवायचे एवढ्यापुरताच आहे. अंतिम निवड मुलाखतीवर होते. अशा चौकटीत काम करणाऱ्या विभागाने दोन गोष्टी कराव्यात: जाहिरातीत विशेषीकरण नेमके नमूद करावे, आणि मुलाखतीची रचना काळजीपूर्वक करावी. एरवी वीस वर्षांपूर्वीच्या पदवी परीक्षेतील टक्केवारीच शेवटपर्यंत निर्णय करत राहते.

शालेय अनुभव वर्षांत मोजला की त्याचा अर्थ निघून जातो. अर्जात ‘१४ वर्षे अध्यापन’ असे लिहिलेले असते. त्यातली सहा वर्षे कार्यालयीन कामात गेली असू शकतात. विचारायचे ते असे: कोणत्या इयत्ता, कोणत्या प्रकारची शाळा, वर्गात किती आणि कशा पार्श्वभूमीची मुले, नवख्या शिक्षकांना किंवा छात्राध्यापकांना कधी मार्गदर्शन केले का, आणि स्वतःच्या शिकवण्यात काही बदल केला असेल तर तो कोणत्या पुराव्यावरून केला. शेवटचा प्रश्न सर्वांत उपयोगी आहे. चांगला शिक्षक आणि शिक्षकांचा चांगला शिक्षक या दोन भूमिका वेगळ्या आहेत. पहिल्याला करता येते. दुसऱ्याला आपण काय करतो आणि का, हे शब्दांत मांडून दुसऱ्याकडून करून घेता यावे लागते. वर्गावर विलक्षण पकड असलेले काही शिक्षक आपल्या पद्धतीबद्दल विचारले असता ‘ते आपोआप जमत जाते’ एवढेच सांगतात. त्यांच्या हाताखाली छात्राध्यापक भारावून जातात, शिकत मात्र नाहीत.

मुलाखतीबद्दल संशोधन काय सांगते ते निवड करणाऱ्या प्रत्येकाने माहीत करून घ्यावे. फ्रँक श्मिट आणि जॉन हंटर यांनी १९९८ मध्ये कर्मचारी निवडीवरील ८५ वर्षांच्या संशोधनाचा आढावा घेतला, आणि २०२२ मध्ये पॉल सॅकेट व सहकाऱ्यांनी त्यातील सांख्यिकी दुरुस्त्या तपासून नवा आढावा मांडला. आकड्यांत फरक पडला, क्रम बदलला, पण एक गोष्ट दोन्हींत कायम राहिली: सर्वांना तेच प्रश्न, त्याच क्रमाने, आधी ठरवलेल्या निकषांवर विचारलेली मुलाखत ही मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीपेक्षा पुढील कामाचा अंदाज अधिक चांगला देते. २०२२ च्या आढाव्यात तर अशी मुलाखत सर्व साधनांत पहिल्या क्रमांकावर आली. तरीही निवड समित्यांत ‘स्वतःबद्दल सांगा’ पासून सुरू होणारी, सदस्याच्या मनात येईल तसे प्रश्न विचारणारी मुलाखत अजून सर्रास चालते, आणि शिक्षणशास्त्र विभागांत ती चालावी हे जरा विचित्रच आहे, कारण तोंडी परीक्षेची विश्वसनीयता हा विषय आपणच शिकवतो.

पाठ-प्रात्यक्षिकाविषयीही माझे मत फारसे चांगले नाही. समितीचे सदस्य विद्यार्थी असल्याचे सोंग घेऊन बसतात, उमेदवार वीस मिनिटे सफाईने बोलतो, आणि जो नाट्य छान करतो त्याला गुण मिळतात. विद्यार्थ्यांच्या अभिप्रायांचे आकडे मागवणे हा त्यावरचा उपायही नव्हे; बॉब उटल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये केलेल्या विश्लेषणात विद्यार्थ्यांनी शिक्षकाला दिलेले गुण आणि त्यांचे प्रत्यक्ष शिकणे यांत संबंध जवळजवळ आढळला नाही. म्हणून अध्यापनपद्धतीच्या पदासाठी मी वेगळे काम देतो. उमेदवाराला छात्राध्यापकाच्या पाठाचे दहा मिनिटांचे चित्रीकरण दाखवायचे, आणि त्यानंतर पंधरा मिनिटे त्या छात्राध्यापकाशी, किंवा त्याची भूमिका घेणाऱ्या विभागातील विद्यार्थ्याशी, बोलायला सांगायचे. अर्थात, चित्रीकरणासाठी छात्राध्यापकाची, शाळेची आणि पालकांची परवानगी आधी घेतलेली हवी.

अशा एका पाठात छात्राध्यापक अपूर्णांकांची बेरीज शिकवत होता. एका मुलाने फळ्यावर १/२ + १/३ = २/५ असे लिहिले. छात्राध्यापक म्हणाला, “चूक. आधी छेद समान करायचे,” आणि त्याने रीत पूर्ण लिहून दाखवली. चित्रीकरण पाहिल्यावर एका उमेदवाराने व्यवस्थित टिपणे काढून सांगितले की आवाज स्पष्ट होता, फलकलेखन नीट होते, प्रस्तावना थोडी लांबली, उद्दिष्टे वर्तनाच्या भाषेत नव्हती आणि मुलांना प्रोत्साहन कमी मिळाले. यातले काही खोटे नव्हते. दुसऱ्या उमेदवाराने छात्राध्यापकाला आधी एवढेच विचारले, “त्या मुलाने दोन पंचमांश कसे काढले असतील, असे तुम्हाला वाटते?” छात्राध्यापक थोडा थांबला आणि म्हणाला, “वरचे वर मिळवले, खालचे खाली.” तेव्हा उमेदवार म्हणाली, “बरोबर. आता दोन पंचमांश हे अर्ध्यापेक्षा मोठे की लहान? अर्ध्यात काही मिळवल्यावर उत्तर अर्ध्याहून लहान आले, हे त्याचे त्यालाच दिसेल असा कोणता प्रश्न तुम्ही विचारला असता?” पुढची दहा मिनिटे छात्राध्यापकच प्रश्न रचत होता. दुसऱ्या उमेदवाराचा शालेय अनुभव पहिल्याच्या निम्माही नव्हता. तिची प्रकाशनेही मोजकीच होती. समितीतील दोन्ही तट मात्र त्या दिवशी एकमताने बोलले, कारण पद ज्या कामासाठी होते ते काम त्यांनी डोळ्यांनी पाहिले होते.

प्रत्येक पदासाठी असे एक काम शोधता येते. मूल्यमापनाच्या पदासाठी उमेदवारासमोर एखादी प्रश्नपत्रिका आणि तिच्या गुणांचा तक्ता ठेवावा आणि ही परीक्षा काय मोजते, काय मोजत नाही हे विचारावे. संशोधनपद्धतीच्या पदासाठी पीएच.डी.च्या विद्यार्थ्याचा दोन पानी आराखडा देऊन त्यावर मार्गदर्शन करायला सांगावे. आराखड्याच्या मर्यादा दाखवणे सोपे असते, विद्यार्थ्याचा प्रश्न शाबूत ठेवून त्या दूर करणे अवघड. समावेशक शिक्षणासाठी एखाद्या मुलाची काल्पनिक माहिती देऊन वर्गशिक्षकासोबतची बैठक घडवून आणावी. निकष आधी लिहून काढावेत, प्रत्येक सदस्याने चर्चेपूर्वी स्वतंत्रपणे गुण द्यावेत, आणि मगच बोलायला सुरुवात करावी. ज्येष्ठ सदस्याने शेवटी बोलावे. हे सांगायला संकोच वाटतो, पण अध्यक्षांनी सुरुवातीलाच मत दिले की पुढची चर्चा उपचार ठरते.

संशोधनाचे परीक्षण करताना पद्धतीचा पूर्वग्रह जपून हाताळावा. बारा शिक्षकांच्या सखोल मुलाखतींवर आधारलेल्या अभ्यासाला ‘नमुना लहान’ म्हणून बाजूला सारणे आणि हजारो विद्यार्थ्यांच्या चाचण्यांवरील विश्लेषणाला ‘वर्गाचा स्पर्श नाही’ म्हणून हिणवणे, हे दोन्ही सारखेच उथळ आहे. उमेदवाराच्या उपक्षेत्रातला एक तरी बाहेरचा तज्ज्ञ समितीत असावा आणि त्याचे मत त्या उपक्षेत्राच्या निकषांवर मागावे. शैक्षणिक तंत्रज्ञानाच्या पदांबाबत एवढेच सांगतो की साधने येतात-जातात, तेव्हा उमेदवाराला कोणते सॉफ्टवेअर येते यापेक्षा त्याच्या वापराने शिकण्यात काय फरक पडला हे तो कसे तपासतो, ते विचारावे.

विभागातच हंगामी किंवा तासिका तत्त्वावर काम करणारा उमेदवार असेल, तर परिस्थिती नाजूक होते. त्याचे काम सर्वांनी पाहिलेले असते, बाहेरच्यांचे नाही. कधी याचा त्याला फायदा मिळतो, कधी ‘घर की मुर्गी’ म्हणून तोटा होतो. त्यालाही तेच काम, तेच प्रश्न आणि तोच वेळ द्यावा. त्याची निवड झाली नाही, तर अधिकृत पत्र निघण्यापूर्वी विभागप्रमुखांनी स्वतः भेटून लिखित निकषांच्या आधारे त्याला कारण सांगावे. ती व्यक्ती दुसऱ्या दिवशी आपल्याच विद्यार्थ्यांसमोर उभी राहणार असते.

मागच्या वेळी सोडून गेलेल्या सहकाऱ्याबद्दल आपण कारण दिलेले नाही. मी आपल्या जागी असतो तर त्याच्या पहिल्या वर्षाचे वेळापत्रक काढून पाहिले असते. नव्याने आलेल्याच्या माथी पाठनिरीक्षण मारण्याची पद्धत पुष्कळ विभागांत आहे, आणि पाठनिरीक्षणात शाळांपर्यंतचा प्रवास, मुख्याध्यापकांशी बोलणे, छात्राध्यापकांच्या वह्या तपासणे हे धरले जात नाही. कागदावर चार तासिका दिसतात, प्रत्यक्षात दोन दिवस जातात. संशोधनाच्या जोरावर निवडलेल्या माणसाला असे वर्ष दिले तर तो लिहू शकत नाही आणि पुढील वर्षी दुसरीकडे अर्ज करतो. शाळेतून आलेल्याची अडचण उलटी असते: त्याला शिकवणे आणि निरीक्षण जमते, पण शोधनिबंधाचे लेखन, परीक्षकांच्या सूचनांना उत्तर देणे, निधीसाठी प्रस्ताव मांडणे हे कोणी शिकवलेले नसते, आणि परिवीक्षाकाल संपताना त्याच्याकडून तेच मागितले जाते. फिनलंडमध्ये १९७० च्या दशकात शिक्षक-प्रशिक्षण विद्यापीठांकडे आले, तेव्हा विद्यापीठांना जोडलेल्या सराव शाळाही आल्या, आणि छात्राध्यापकांच्या दैनंदिन मार्गदर्शनाचा मोठा भार त्या शाळांतील शिक्षक उचलतात. प्रत्येक विद्यापीठाला हे शक्य नसले, तरी शाळांतील अनुभवी शिक्षकांना मानधन आणि विद्यापीठाकडून मान्यता देऊन मार्गदर्शक म्हणून जोडून घेणे शक्य असते. तसे केले, तर प्रत्येक नव्या नेमणुकीकडून सर्व कामांची अपेक्षा करावी लागत नाही.

म्हणून नेमणुकीच्या चर्चेतच पहिल्या दोन वर्षांचा कार्यभार लेखी द्यावा: किती तासिका, किती छात्राध्यापक, लेखनासाठी कोणता दिवस मोकळा आणि मार्गदर्शन कोण करणार. हे देता येत नसेल, तर उमेदवाराला ते आधी सांगावे.

राहिला तिसऱ्या, रिक्त राहिलेल्या पदाचा प्रश्न. आवश्यक अटी पूर्ण करणारा कोणी आला नाही, तर पद परत जाईल या भीतीने जवळपास बसणाऱ्याला नेमण्याचा दबाव येतो. शिक्षणशास्त्रातील नेमणूक सहसा निवृत्तीपर्यंत टिकते आणि दरवर्षी बाहेर पडणाऱ्या शिक्षकांच्या तुकड्यांवर तिचा परिणाम होतो, तेव्हा हा दबाव झुगारण्याइतके समितीने ठाम असावे. मात्र ‘योग्य उमेदवार मिळाला नाही’ एवढीच नोंद करून फाइल बंद करू नये. कोणत्या अटीवर किती अर्जदार अडले ते लिहावे. सर्व जण एकाच अटीवर अडले असतील, तर ती अट खरोखर आवश्यक आहे का हे पुन्हा तपासावे, आणि आवश्यक असेल तर जाहिरात कोणापर्यंत पोहोचली नाही ते शोधावे. पुढील जाहिरात निघेपर्यंत त्या विषयासाठी शाळेतील किंवा दुसऱ्या विद्यापीठातील व्यक्ती एका वर्षासाठी प्रतिनियुक्तीवर मिळते का, याची चौकशी आताच सुरू करावी, कारण शाळांचे पुढील वर्षाचे नियोजन आपल्या कार्यकारी मंडळाच्या बैठकीची वाट पाहत नाही.